हल्ली मुक्काम निंबटेकडी

"ताई, तुमच्या वडिलांना लिहिता येत होतं का?"

खांबेट्यांचा फोन नाशिकहून आला होता. मी कराडच्या घरी सूप पुढ्यात घेऊन वाटाणे सोलत बसले होते. प्रश्न ऐकून मला हसूच आलं.

"येत होतं म्हणजे? म्हसवडच्या पेठेत आमचं शिलाईचं दुकान होतं, त्याची पाटी त्यांनी स्वतः रंगवली होती. गिऱ्हाइकं कापडापेक्षा अक्षराचं कौतुक जास्त करायची. का हो?"

"इथे वहीत त्यांचं नाव सापडलंय. गोविंद नारायण वायचळ, राहणार म्हसवड, जात शिंपी. साल एकोणीसशे सत्त्याहत्तर." ते थांबले. "पण खाली सही नाही. अंगठा आहे."

"मग दुसरे कुणी असतील," मी म्हणाले. "चौसष्ट सालीच गेले ते."

"वारले?"

"गेले. घर सोडून."

ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी साठीची होते. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते, यजमान जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा शिरीष बंगळूरला. त्याच्या मुलीला शाळेत घराण्याचा वृक्ष काढून आणायला सांगितला, तिनं मला फोनवर पणजोबा-खापरपणजोबांची नावं विचारली आणि मला तीन पिढ्यांपलीकडे काही सांगता येईना. त्या चुटपुटीतून मी फेसबुकवरच्या एका गटात शिरले. आपापल्या घराण्याचा इतिहास शोधणारी मराठी माणसं होती त्यात. कुणी मोडी कागद वाचून द्यायचं, कुणी जुन्या मतदार याद्या धुंडाळायचं, कुणी परक्याच्या गावात जाऊन देवळातल्या फरशीवरची नावं उतरवून आणायचं. इंदूरचे मुरलीधर खांबेटे तिथलेच. निवृत्त प्राध्यापक, बहात्तरीचे. दोन वर्षं आम्ही एकमेकांना रोज लिहीत होतो, पण समोरासमोर कधी भेटलो नव्हतो. ते स्वतःच्या घराण्याच्या नोंदी बघायला नाशिकला निघाले तेव्हा म्हणाले होते, म्हसवडच्या शिंप्यांची वही कुठल्या उपाध्यांकडे आहे तेही बघून येतो. तीर्थाला आलेल्या यजमानाचं गाव, कूळ, सोबत कोण, घरी कोण, सगळं हे उपाध्ये वहीत उतरवून ठेवतात.

माझ्या वृक्षात वडिलांच्या चौकटीत मी एवढंच लिहिलं होतं: १९६४ नंतर माहिती नाही. खरं तर माहिती होती. सगळ्या म्हसवडला होती. वायचळ मास्तरनं मुंबईला बाई ठेवली आणि बायको-पोर वाऱ्यावर सोडली. मी तेव्हा दहा वर्षांची. शाळेत पोरी विचारायच्या, आणि मी घरी येऊन आईला विचारायचे. आई म्हणायची, "लोक म्हणतात ते खरंच असेल." मग मी विचारायचं सोडलं. पुढे त्यांचं नावही घ्यायचं सोडलं.

"ताई, ऐकताय ना?" खांबेटे म्हणाले. "सगळी नोंद वाचून दाखवतो. 'सोबत पत्नी अनसूया. कन्या एक, कुमुद. जावई जयवंत बगाडे, कराड. नातू शिरीष, वय महिने चार.' त्याखाली 'हल्ली मुक्काम निंबटेकडी, जिल्हा अमरावती.' आणि अंगठा. तोही पुरता उमटलेला नाही, अर्धाच आहे."

सूप मी बाजूला ठेवलं.

शिरीष डिसेंबर शहात्तरचा. मी बाळंतपणाला माहेरी होते. पोराच्या अंगात ताप होता आणि आई शेजारच्या भजनी मंडळाबरोबर आठ दिवस नाशिकला निघून गेली होती. मी तिला वाट्टेल ते बोलले होते. ती पिशवी उचलून गेली, परत आली तेव्हा शिरीषसाठी एक पांढरं अंगडं घेऊन आली. मी विचारलं, "एवढं बारीक काम कुठं मिळालं?" म्हणाली, "नाशकात."

आई जाऊनही तेव्हा अठरा वर्षं झाली होती. विचारायचं कुणाला?

त्या संध्याकाळी मी गटावर लिहिलं, "अमरावती जिल्ह्यात निंबटेकडी नावाचं गाव कुणाला माहीत आहे का?" तासाभरात तीस-पस्तीस जणांनी उत्तरं दिली. नकाशे आले, तालुक्यांच्या याद्या आल्या, पण निंबटेकडी कुणालाच सापडेना. मग शुभांगी काळबांडे नावाच्या मुलीचा वेगळा निरोप आला, फक्त मला. ती यवतमाळला शिक्षिका होती.

"काकू, सगळ्यांसमोर लिहावंसं वाटलं नाही. निंबटेकडी हे गाव नाही. महारोग्यांची वसाहत आहे. माझे आजोबा तिथे किराणा पोचवायचे. अजून आहे, थोडी माणसं राहतात. तुम्हाला फोन करू का?"

मी तिला नको म्हणून कळवलं. मग रात्री झोपेपर्यंत त्या एका शब्दाकडे बघत राहिले. अंगठा अर्धा का, ते मला कळलं होतं.

खांबेट्यांना सकाळी सांगितलं. त्यांनी उगाच धीर-बिर दिला नाही. म्हणाले, "कधी निघायचं?"

"तुम्ही कशाला?"

"ताई, दोन वर्षं तुमच्या पणज्या-खापरपणज्यांबरोबर वावरतोय मी. आता तुमच्या वडिलांपर्यंत आलो, तर मला बाहेर थांबवू नका."

बडनेरा स्टेशनवर आम्ही पहिल्यांदा भेटलो. ते मला वाटले होते त्यापेक्षा ठेंगणे होते आणि त्यांच्या हातात शेवेचा मोठा डबा होता. इंदूरचा माणूस, त्यामुळे ते आलंच. डांबरी रस्ता संपल्यावर एक चढ आला आणि वर कडुनिंबांच्या रांगेत बसक्या कौलारू खोल्या दिसल्या. अंगणं सारवलेली. एका ओट्यावर दोन म्हातारे सोंगट्या खेळत होते. त्यातल्या एकाला दोन्ही हातांना बोटं नव्हती, तळव्यांच्या मध्ये धरून तो सोंगटी सरकवत होता.

कार्यालयात एक मध्यमवयीन गृहस्थ होते. मी वडिलांचं नाव सांगितलं. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि बरीच पानं उलटून बोट ठेवलं. प्रवेश ऑगस्ट चौसष्ट. मृत्यू नोव्हेंबर एकोणनव्वद. मधे एक रकाना होता, 'नातेवाईक'. त्यात लिहिलं होतं: कोणी नाही.

ते अक्षर मोत्यासारखं होतं, दुकानाच्या पाटीवरचंच. तेव्हा बोटं असणार.

"तुम्ही त्यांच्या कोण?" गृहस्थांनी विचारलं.

मी अजून त्या रकान्याकडेच बघत होते. खांबेटे म्हणाले, "कन्या आहेत."

गृहस्थांनी रजिस्टर मिटलं. मग उठून म्हणाले, "मास्तरांच्या वेळचं आता एकच माणूस उरलंय. चला."

शेवटच्या खोलीच्या ओट्यावर एक म्हातारी पाय पसरून बसली होती. डोक्यावरून पदर, पायाला पट्ट्या, नाक बसलेलं. डोळे मात्र लख्ख होते. गृहस्थ काही सांगायच्या आत ती मला म्हणाली, "बस वं माय. लय उशीर केला. तू कुमुद ना?"

"तुम्ही कसं ओळखलं?"

"कपाळ त्याईचंच हाये तुह्यं. मी गिरजा."

गिरजा. हे नाव मला माहीत होतं.

आईची माहेरची मैत्रीण गिरजामावशी. वऱ्हाडात दिलेली. महिना-दोन महिन्यांनी तिचं कार्ड यायचं. आईला वाचता येत नव्हतं. अकरा वर्षांची असल्यापासून ती कार्डं मीच वाचून दाखवायचे आणि उत्तरंही मीच लिहायचे. 'कुमुदची शाळा कशी चालली आहे? गणितात कच्ची असेल तर तिला रागावू नये. पावसाळ्यात खोकला होतो, हळद-दूध द्यावे.' मला ही मावशी फार आवडायची. स्वतःच्या पोराबाळांचं काही न लिहिता माझंच विचारायची. उत्तर लिहिताना मी आईनं सांगितलेल्यात आपल्या मनचंही घालायचे. सातवीत पहिली आले ते, नाटकात जिजाऊ झाले ते, कराडचं स्थळ आलं आणि मुलगा बरा वाटला तेसुद्धा. पत्त्यावर टेकडी कधीच नसे, खालच्या वाढोळी गावाचं पोस्ट असे.

"ती कार्डं..." मी म्हणाले.

"माह्या नावानं जायची. मले कुठं लिवता येते? मास्तर सांगत, इथला एक पोरगा लिवे. त्याईची बोटं तोवर वाकली होती." गिरजाबाईंनी स्वतःचे हात पदराखाली घेतले. "तुही पत्रं आली का त्याईचं जेवण राहून जाये. त्या पोराकून चारचारदा वाचून घेत. मंग कागद आपल्याजवळ ठेवत नव्हते. चुलीत घालत. कोणाच्या हाती लागला तं पोरीचं लगन मोडंल म्हणे."

"आणि मुंबईची बाई?"

"ते तुह्या मायनंच उठवलं. महारोग म्हटला तं पोर कोण करंल? बाई ठेवली म्हटलं तं लोक दोन दिवस थुंकतात न् इसरतात. मास्तर नाही म्हणत होते. तिनं आयकलं नाही."

खांबेटे उठून निंबांकडे चालायला गेले.

"आई इथं कधी आली होती?"

"इथं येऊ दिलं नाही त्याईनं. नाशकाले भेटले ते एक डाव. तुह्या पोराच्या वक्ती. त्यासाठी अंगडं शिवून नेलं होतं. हात तं चालत नव्हते, शिकाऊ पोरीकून शिवून घेतलं. तीनदा उसवाले लावलं तिले. टाका मोठा पडला म्हणे, तान्ह्याच्या अंगाले टोचंल." त्या हसल्या. "तुही माय दोनदा म्हणाली, मीबी तिकडंच राहाले येते. पयले म्हणे, पोरीचं लगन होऊ दे. लगन झालं तं म्हणे, तिच्या सासरचे काय म्हणतीन. मंग नातू झाला. असं करता करता राहून गेलं."

मी विचारलं, "शेवटी फार त्रास झाला का?"

"नाही. तापात गेले. चौथ्या दिवशी. मी कार्ड टाकाले लावलं होतं. पोचलं ना?"

पोचलं होतं. एकोणनव्वदला दिवाळीनंतर मी म्हसवडला होते. सकाळी पोस्टमननं कार्ड टाकलं. आई ज्वारी निवडत होती. मी नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं. 'इकडे सर्व ठीक. आमच्या शेजारचे मास्तर गेल्या सोमवारी गेले. फार त्रास झाला नाही. काळजी करू नये. गिरजा.' मी म्हटलं, "कोण गं हे मास्तर?" आई म्हणाली, "असतील कुणी. पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. ती ज्वारी निवडत राहिली. सूप संपल्यावर उठली आणि भर दुपारी डोक्यावरून पाणी घेतलं. मी ओरडले, "थंडीचे दिवस, आजारी पडायचंय का?" ती ओल्या केसांनी आरशापुढे बसली. बराच वेळ बसली. मग रोजच्यासारखं कुंकू लावलं आणि मला म्हणाली, "चहा टाक."

हे मी गिरजाबाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी मला निंबांमागची जागा दाखवली. तिथं दगडांवर नुसते आकडे होते. वडिलांचा एकशे बेचाळीस. मी तिथं बसले. पन्नास वर्षं ज्या माणसाला मी शिव्या घातल्या, त्यालाच मी माझं सगळं लिहून कळवत आले होते.

परत आले तेव्हा खांबेटे गिरजाबाईंच्या ओट्यावर बसून त्यांना शेव खाऊ घालत होते. म्हातारी त्यांना खोदून विचारत होती, फोनवर माणसं कशी सापडतात म्हणून. मी निरोप घ्यायला वाकले तेव्हा ती हळूच म्हणाली, "माय, तुम्ही सगळ्याईले हुडकता म्हणे. माह्यं एक माणूस हुडकून देता?"

मी पर्समधून वही काढली. "कोण?"

"माहा पोरगा. सासर धानोरी. नवऱ्याचं नाव उकंडा ढोबळे. माह्या आंगावर चट्टा दिसला तं सासऱ्यानं राती बैलगाडीत घालून दवाखान्याच्या दारात सोडलं. गावात सांगतलं, विहिरीत पडून मेली."

"मुलाचं नाव?"

ती माझ्या पेनाकडे बघत राहिली.

"दहा दिवसाचा होता," ती म्हणाली. "बारसं व्हायचं होतं."

खांबेट्यांनी मान दुसरीकडे वळवली. मी साल विचारलं. ते तिला सांगता येईना, पण त्या वर्षी पुरात धानोरीचा पूल वाहून गेला होता एवढं आठवत होतं. मी ते लिहून घेतलं.

"पण एक आयक," ती म्हणाली. "त्याले काई सांगाचं नाही. त्याचीबी लेकरं असतीन, त्याईची लगनं असतीन. तो आहे का नाही, बरा आहे का, एवढंच पाह्यचं. वचन दे."

मी वचन दिलं.

तीन वर्षं लागली. धानोरी नावाची गावंच विदर्भात ढिगानं. पूल वाहून गेल्याचं साल खांबेट्यांनी जुन्या वर्तमानपत्रांतून काढलं: एकोणीसशे चोपन्न. म्हणजे तो मुलगा माझ्याच वयाचा. शुभांगीनं मतदार याद्या एकेक पान करून वाचल्या, वडिलांचं नाव उकंडा असलेले ढोबळे वेगळे काढले, वय जुळवलं. गटातल्या कितीतरी लोकांनी शोधलं, का आणि कुणासाठी ते कुणीच विचारलं नाही. शेवटी उरला एक माणूस. कुटुंब धानोरी सोडून दारव्ह्याजवळ गेलेलं. एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर.

शुभांगी आणि मी जाऊन आलो. मतदार यादीतलं नाव तपासतोय म्हणालो, त्यात खोटं काही नव्हतं. त्यानंच दार उघडलं. आत कुणाच्या तरी हळदीची तयारी चालली होती. नातीची, त्यानं सांगितलं. उन्हातून आलात म्हणून स्वतः पाणी आणून दिलं आणि जेवूनच जा म्हणाला. शुभांगीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आईचं नाव?"

"गिरजा," तो म्हणाला. "मी पाह्यली नाही. लहानपणीच गेली." आणि भिंतीकडे हात केला. तिथं वडिलांचा फोटो होता. शेजारी एक रिकामी चौकट होती, हार घातलेली. "तिचा फोटो नव्हता. पण जागा ठेवली."

माझ्या ओठांवर आलं होतं. शुभांगीनं माझा दंड घट्ट धरला. मी पाणी प्याले, भांडं खाली ठेवलं आणि आम्ही निघालो.

गाडीत बसल्यावर मी निंबटेकडीच्या कार्यालयात फोन लावला. त्या गृहस्थांनी फोन गिरजाबाईंच्या कानाला धरला. मी सगळं सांगितलं. तब्येत चांगली आहे. रंग सावळा. केस अजून दाट. नातीचं लग्न आहे, दारात मांडव पडलाय. पाणी त्यानं स्वतः आणून दिलं. चौकटीचंही सांगितलं.

तिनं विचारलं, "नाव काय ठेवलं?"

"सुखदेव."

"सुखदेव," ती म्हणाली. मग पुन्हा एकदा, जरा थांबून. "आत्यानं ठेवलं असंल. त्याची आत्या लय समजदार होती."

मी काही बोलणार तेवढ्यात पलीकडे, फोनपासून तोंड वळवून, अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलवावं तशी तिनं मोठ्यानं हाक मारली.